शनिवारवाड्याचं थ्रीडी मॉडेल : सात मजले दाखवायचे का?

जोत्यावरचा_विद्यार्थी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. कॉलेज कोल्हापूरला, घर साताऱ्याला. प्रबंधासाठी शनिवारवाडा घेतलाय. आज जे उरलंय ते मोजायचं आणि त्यावरून १८२८ च्या आगीपूर्वीचा वाडा कॉम्प्युटरवर उभा करायचा, असा विषय आहे.

खालचं काम बऱ्यापैकी झालंय. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, आतली जोती, सगळं जमिनीवरूनच फोटो काढून केलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एकमेकांवर निम्म्याहून जास्त चढतील असे भरपूर फोटो काढले, की सॉफ्टवेअर त्यांतल्या सारख्या खुणा जुळवून लाखो बिंदूंचा त्रिमित ठसा तयार करतं. मग टेपने मोजलेली काही अंतरं देऊन त्याला खरं माप द्यायचं. काळ्या दगडावर हे फार छान जमतं, कारण टाकीच्या घावांमुळे प्रत्येक चिरा वेगळा दिसतो. ढगाळ दिवशी गेलो, त्यामुळे सावल्यांचा त्रासही झाला नाही. हिरवळ मात्र छळते. वाऱ्याने गवत हलतं आणि जोत्यांच्या कडा तिथे विरघळल्यासारख्या होतात.

माझं अडलंय ते जोत्याच्या वर. लहानपणापासून ऐकत आलोय की वाडा सात मजली होता आणि वरच्या मेघडंबरीतून आळंदीला माउलींच्या देवळाचा कळस दिसायचा. मार्गदर्शक सर म्हणतात, सात मजले दाखव, बघणाऱ्यांची तीच अपेक्षा असते. पण मी तिसरा मजला चढवायला घेतला की मला स्वतःलाच विचारावंसं वाटतं, हे कशावरून? उंची किती? खांब किती जाड? छप्पर कसलं? एकदा मॉडेलमध्ये भिंत उभी राहिली की ती इतकी खरी दिसते, की ती मी मनाने घातलीय हे बघणाऱ्याला कळायला मार्गच नाही.

तुमच्यापैकी कोणी असं काम केलंय का? सात मजले दाखवू की नको? आणि जे माहीत नाही ते मॉडेलमध्ये कसं दाखवतात?

---

भारवाहक

मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. वाड्यांच्या दुरुस्तीची कामं पुष्कळ केली. मजल्यांबद्दल भावनेने बोलण्याआधी भार मोजून पाहू.

एक खण धरा, २.५ मीटर बाय ३ मीटर. म्हणजे मधल्या एका खांबावर साधारण ७.५ चौरस मीटर जमीन येते. वाड्यांत कड्यांवर फळ्या आणि त्यांवर माती-चुन्याचा थर असतो, तो हातभराहून कमी असला तरी वजनाला भारी. लाकूड, माती, माणसं, सामान मिळून चौरस मीटरला ६०० किलो धरू. एका मजल्याचे साडेचार टन झाले. सात थर एकावर एक आले तर तळच्या खांबावर ३० ते ३२ टन.

आता खांब ३० सेंटिमीटर चौरस, चांगला सागवान. तंतूंच्या दिशेने सागवान चौरस सेंटिमीटरला ८० किलो सहज घेतो, म्हणजे ७२ टन. खांबाला काहीच होत नाही! अडचण येते ती खांब आणि वरचा खांब यांच्यामध्ये तुळई आडवी सापडते तिथे. आडव्या तंतूंवर लाकडाची ताकद जवळपास निम्मी. तिथे हिशेब ३६ टनांच्या आसपास थांबतो आणि आपला भार ३२ टनांवर. म्हणजे जेमतेम. तुळया चेपलेले वाडे मी पाहिलेत, खांब चेपलेला नाही पाहिला.

तात्पर्य असं, की निव्वळ उभ्या भाराच्या गणिताने सात मजले अशक्य ठरत नाहीत. जो कोणी म्हणेल की लाकडी चौकटीत एवढं शक्यच नाही, त्याने हा हिशेब करून पाहावा. पण आडव्या जोराचं काय? वारा, भूकंपाचा हलकासा हादरा. लाकडी सांधे त्याला फारसा विरोध करत नाहीत, तो जोर जाड भिंती घेतात. म्हणून मला विचाराल तर अख्खा वाडा सात मजली नसावा. एखाद्या चौकाच्या कोपऱ्यात, जाड भिंतींच्या आधाराने, लहानसा भाग उंच चढवलेला असू शकेल. तुझ्या जोत्यांत कुठल्या भिंतीचा पाया इतरांपेक्षा ठळक जाड आहे, ते आधी बघ. उंच भाग असेल तर तिथे असेल.

---

खण_दोन_खण

काकांनी भाराचा हिशेब फार चांगला मांडलाय, तो तसाच प्रबंधात घे (त्यांना विचारून). मी वाईची. संवर्धनाचं काम करते, बहुतेक वाड्यांचंच. तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तिसऱ्या मजल्यावर तुझा हात अडखळला. तो अडखळायलाच हवा.

मजल्यांकडे नंतर येते. आधी मला सांग, तू कोणत्या सालचा वाडा उभा करतोयस? "आगीपूर्वीचा" हे उत्तर चालणार नाही. जानेवारी १७३० मध्ये पायाभरणी झाली, जानेवारी १७३२ मध्ये वास्तुशांत. तेव्हा तो थोरल्या बाजीरावांचा वाडा होता. नानासाहेबांनी तो वाढवला. हजारी कारंजं सवाई माधवरावांच्या काळातलं. म्हणजे त्या कारंज्याशेजारी १७३२ चा वाडा उभा केलास तर जी वास्तू कधीच अस्तित्वात नव्हती ती तू काढलीस. जवळजवळ शंभर वर्षं राहत्या घरात भिंती पडतात, दिवाणखाने वाढतात, छपरं बदलतात. आजच्या जोत्यांमध्ये हे सगळे काळ एकाच पातळीवर दिसतात, कारण १९१९ नंतर जागा उकरून मोकळी केली तेव्हा जे सापडलं ते सगळंच उघडं झालं. कुठलं जोतं कुठल्यावर चढलंय, कुठे सांधा जुळत नाही, कुठे चिऱ्यांची घडण बदलते, हे तुझ्या बिंदूंच्या ठशात जागेवरच्यापेक्षा चांगलं दिसेल. ते आधी वाच.

माझा आग्रह १७९० च्या दशकाचा. कारण सांगते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्या दशकात पुण्यात होता आणि त्याने दरबाराची, माणसांची रेखाटनं केली. १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या अभ्यासचित्रांवरून थॉमस डॅनियलने इंग्लंडमध्ये मोठं तैलचित्र केलं, १८०५ मध्ये. मॅलेट (पुण्यातला इंग्रजांचा वकील) आणि पेशवे यांच्यातल्या १७९० च्या तहाचा दरबार त्यात आहे. चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, मोठ्या आकाराची प्रतिमा सहज मिळते. वाड्याच्या आतलं दाखवणारा एवढा मोठा पुरावा दुसरा नाही.

चित्रातल्या समांतर रेषा एका बिंदूत मिळतात, तो शोधून चित्रकाराची नजर कुठे होती हे काढता येतं. एफस्पाय नावाचं फुकट साधन आहे, ते ही नजर थेट ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये देतं. मग चित्रामागे तुझा दिवाणखाना ठेवून खांब सरकवत जायचं. बसलेल्या-उभ्या माणसांवरून अंदाजे माप मिळतं.

पण इथेच सांभाळ. वेल्स १७९० मध्ये त्या दरबारात नव्हता, तो पुण्याला त्यानंतर आला. डॅनियलने चित्र रंगवलं ते दुसऱ्याच्या कागदांवरून. दालन एका कागदावरचं, माणसं अनेक कागदांवरची, प्रसंग ऐकलेला. माणसांचं माप आणि दालनाचं माप एकमेकांशी जुळेलच असं नाही. दरबार भव्य दिसावा म्हणून छत उंच गेलं असेल. म्हणून दोन वेगळे हिशेब कर: एकदा माणसांवरून उंची काढ, एकदा खांबांच्या अंतरावरून. दोन्ही आकडे जवळ आले तर चित्रावर भरवसा वाढतो. लांब गेले तर किती लांब गेले, तेही लिही. ती तफावत हाच तुझ्या प्रबंधातला शोध ठरेल.

खांबांचं अंतर कुठून आणायचं? जोत्यांवरून. आपल्याकडे वाडा फुटांत मोजला जात नव्हता, खणांत मोजला जायचा. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घराची लांबीरुंदी खणांत सांगायची. जिथे तळखडा (खांबाखालचा दगड) किंवा त्याची बैठक शिल्लक आहे तिथे मध्यापासून मध्यापर्यंतचं प्रत्येक अंतर काढ. सरासरी नको, सगळे आकडे तसेच्या तसे. मग ती सगळी अंतरं कोणत्या एका मापाच्या पूर्ण पटीत बसतात ते कॉम्प्युटरला शोधू दे. १९७४ मध्ये डेव्हिड केंडल या संख्याशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या प्राचीन दगडी वर्तुळांवर हीच पद्धत चालवली होती. जुन्या मापात २४ तसूंचा एक गज, पण गजाची लांबी सगळीकडे सारखी नव्हती, म्हणून पुस्तकातला गज घेऊन जोत्यावर लादू नकोस. जोत्यालाच विचार. एकदा खण आणि गज हातात आला की भिंतीची जाडी, दाराची रुंदी, जिन्याची जागा आपोआप त्या जाळीत पडायला लागते. जे पडत नाही ते नंतरचं, किंवा पुन्हा बसवलेलं.

वरच्या मजल्यांसाठी शेजारी बघ. नाना फडणवीसांचा नानावाडा अगदी जवळ, काळही तोच. खुद्द शनिवारवाड्यात दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना लाकडासकट उभा आहे, त्याचे सांधे आणि प्रमाण सगळ्यात मोलाचं. विश्रामबागवाडा १८०७ चा, दुसऱ्या बाजीरावांचा. सुंदर आहे, पण तो घेताना उशिराचा आहे हे लक्षात ठेव. आणि केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल बघून त्याचे खांब इकडे आणू नकोस. ते अवशेष कोथरूडच्या महालाचे आहेत. या वाड्यांतली मजल्याची उंची भागिले खणाची रुंदी हे गुणोत्तर काढ. एक आकडा येणार नाही, एक पट्टा येईल. तो पट्टा तसाच मॉडेलमध्ये ने.

आता आळंदी. ही कथा मला फार प्रिय आहे, म्हणूनच ती तपासावीशी वाटते. शनिवारवाडा ते आळंदी सरळ रेषेत साधारण १८ किलोमीटर. तेवढ्या अंतरात पृथ्वीची वक्रता २५ मीटरची होते. ऐकून वाटतं, मग उंच मजला हवाच. पण कळस स्वतःच उंचावर आहे. तो जमिनीपासून १५ मीटर धरला, तर सपाट मुलखात वाड्यातला माणूस जमिनीपासून दीड मीटरवर डोळे ठेवून उभा असला तरी वक्रता आड येत नाही! आड येतात ते मधले उंचवटे, झाडं, घरं. म्हणजे कळस दिसायचा ही कथा शब्दशः खरी धरली तरी तिच्यावरून सात मजले सिद्ध होत नाहीत. मजले किती लागतील ते मधली जमीन ठरवते, आणि ती जमीन तुला मिळू शकते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उंचीचा नकाशा आहे, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, वाड्याच्या जागेवर ५, १०, १५, २० मीटर अशी नजर ठेव आणि आळंदीपर्यंतचा छेद काढ. आजच्या इमारती त्यात शिरणार नाहीत याची काळजी घे, दिघीच्या बाजूचे उंचवटे नीट बघ.

दुसरी गोष्ट डोळ्याची. चांगल्या नजरेला १८ किलोमीटरवर पाचेक मीटरपेक्षा लहान वस्तू आकार म्हणून ओळखता येत नाही. कळस त्याहून लहान. तो आकार म्हणून दिसणार नाही. पण ऊन बरोबर कोनातून पडलं आणि धातू घासूनपुसून लखलखीत असला, तर चमकेल. क्षणभर चमकलेला ठिपका बघून वाड्यातल्या कुणीतरी हात जोडले असतील, हे मला अगदी शक्य वाटतं. सूर्य कुठल्या महिन्यात, किती वाजता त्या कोनात येतो हेही मॉडेल सांगू शकतं. हे करच तू. असा अभ्यास कुणी केलेला माझ्या वाचनात नाही आणि मला उत्तराची खरंच उत्सुकता आहे.

शेवटचा प्रश्न, माहीत नसलेलं कसं दाखवायचं. यासाठी लंडन चार्टर नावाचा दस्तऐवज आहे, २००६ पासून घडत गेला, २००९ ची आवृत्ती वापरात आहे. त्याचा गाभा असा, की अशा प्रत्येक चित्रासोबत ते कशावरून केलं आणि कुठला निर्णय का घेतला याची नोंद असलीच पाहिजे. मी रंगांनी करते. जागेवर मोजलेला दगड त्याच्या स्वतःच्या रंगात. चित्रातून किंवा कागदातून आलेलं पिवळट. शेजारच्या वाड्यांवरून आणलेलं निळं. आणि नुसतं तर्काने घातलेलं, आरपार दिसणारी काच. प्रत्येक तुकड्याला क्लिक केलं की आधार उघडावा. सरांना सात मजले हवेत ना? दाखव. पाचव्या-सहाव्या-सातव्याची काच कर. पण त्याच्या शेजारी तीन मजल्यांचा, आणि काकांनी सांगितलाय तसा एकच कोपरा उंच असलेला, असे दोन पर्याय ठेव. एकच मॉडेल देऊ नकोस. एकुलत्या एका मॉडेलवर लोक विश्वास ठेवतात, आणि पुढची वीस वर्षं तेच चित्र शाळेच्या वह्यांवर फिरतं.

---

मोडीवाचक

वरचं सगळं आवडलं. एक भर घालते. तुम्ही दगड आणि चित्र दोन्हींपर्यंत आलात, कागद राहिला. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि तिथे मोडी रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) बसून वाचता येतात. भारत इतिहास संशोधक मंडळातही पाहा.

वर्णनं शोधू नका, "वाडा भव्य होता" असं कोणी लिहून ठेवत नाही. खर्च शोधा. गवंडी, सुतार, बेलदार, पाथरवट यांची मजुरी, लाकूड, चुना, कौलं. दुरुस्तीचा खर्च तर नव्या बांधकामापेक्षा जास्त बोलका असतो. कौलं घेतली असतील तर कुठेतरी उतरतं छप्पर होतं. माळवदासाठी माती आणली असेल तर तिथे सपाट गच्ची. एखाद्या दिवाणखान्याचं नाव एका सालापर्यंत येत नाही आणि पुढे सारखं येऊ लागतं, तर तो कधी बांधला याचा अंदाज तिथेच. ताईंनी "कोणत्या सालचा वाडा" विचारलंय, त्याचं उत्तर तुम्हाला इथे मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

मोडी येत नसेल तर शिका, वर्ग चालतात. तोवर इमारत खर्चाचे दोन-चार कागद मिळाले तर त्यांची छायाचित्रं रीतसर परवानगीने घ्या, मी वाचून देईन.

---

जोत्यावरचा_विद्यार्थी

ताई, काका, मोडीवाचकताई, मनापासून आभार. सरांना हा धागा दाखवला. पर्याय तीन दाखवायला त्यांची हरकत नाही, फक्त मुख्य चित्र कुठलं ते ठरव म्हणाले. साल १७९० ठरवतोय.

काका, पश्चिमेकडच्या एका जोत्यावरची भिंत बाकीच्यांपेक्षा जाड दिसतेय, पण ती नंतर दुरुस्त झालेली आहे का ते कसं ओळखू? आणि ताई, तळखड्यांच्या मध्याची अंतरं ठशावरून काढू की टेपने परत मोजू?

---

खण_दोन_खण

दोन्हीने. ठशावरून सगळी काढ, आणि त्यातली लांबातली लांब चार-पाच टेपने ताडून बघ. लांब अंतरात फरक दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर ठसा वापरायला हरकत नाही. फोटोंची साखळी एका सरळ रेषेत गेली असेल तर ठसा मध्ये हलकेच वाकतो, ते डोळ्याला कळत नाही, खणांच्या आकड्यांत कळतं: एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे अंतरं क्रमाने वाढत किंवा घटत जातात. तसं दिसलं तर जोत्याभोवती पूर्ण फेरी मारून फोटो पुन्हा घे.

जाड भिंतीचं सांगते. चिऱ्यांमधल्या दरजा बघ, त्यांत चुना की सिमेंट. सिमेंट असेल तर तो भाग ताबडतोब वेगळ्या रंगात टाक. चुना असेल तर चिऱ्यांची उंची शेजारच्या भिंतीच्या थरांशी जुळते का ते ठशात उभा छेद घेऊन बघ. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचे चिरे एकमेकांत गुंतलेले असतील तर त्या एकाच वेळी उठल्यात. नुसत्या टेकवलेल्या असतील तर एक नंतरची.

मुख्य चित्र म्हणून कोपरा उंच असलेला पर्याय ठेव, पण त्या जाड भिंतीचा निकाल लागल्यावरच. ती दुरुस्तीची निघाली तर तीन मजल्यांचा ठेव. आणि आळंदीचा छेद काढलास की इथेच टाक.

---

भारवाहक

ताईंनी सांगितलंय ते बरोबर. एकच जोडतो: भिंत जाड आहे एवढ्यावर उंची ठरवू नकोस. ती तटाला लागून असेल तर जाडी संरक्षणासाठीही असू शकते. आतल्या चौकातली, मोकळी उभी असलेली जाड भिंत सापडली तर मला तिची मापं पाठव, भार मोजून देतो.